घर नावाचा खेळाडू

अंदाज

त्रिशला जिना उतरेल. खालच्या स्वयंपाकघराचं दार उघडंच असेल. अक्का ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या असतील. पावलं वाजली तरी त्या वळणार नाहीत, नुसतं म्हणतील, "आता काय न्यायचं राहिलंय इथलं?" त्रिशला म्हणेल, "काही न्यायला नाही आले." अक्का म्हणतील, "नेण्यासारखं होतं ते नेलंस की." मग त्रिशला पाठ फिरवेल आणि उतरलेल्या चौदा पायऱ्या पुन्हा चढेल.

प्रत्यक्षात

त्रिशला सोफ्यावरून उठलीच नाही. गेल्या तीन वर्षांत ती अशी शंभरदा तरी जिना उतरली असेल, आणि शंभरही वेळा सोफ्यावर बसूनच.

घर जयसिंगपूरच्या बाराव्या गल्लीतलं. खाली थोरले आदगोंडा मगदूम आणि त्यांच्या पत्नी पद्मावती, म्हणजे अक्का. वर धाकटे भूपाल आणि त्यांची त्रिशला. दोघी जावा बावीस वर्षं एकाच ओट्यावर रांधत होत्या. वरच्या मजल्यावर तेव्हा नुसत्या झोपायच्या खोल्या होत्या. त्रिशलाला मूल नाही. थोरल्यांचा सम्मेद शाळेतून आला की दप्तर खाली टाकायचा आणि वर काकूकडे पळायचा. त्याला खेळात हरवायला घरात तीच एक होती.

सम्मेद तेवीस वर्षांचा झाला तेव्हा फिनलंडमधल्या एका कंपनीचं पत्र आलं. ते त्याने आधी काकूला दाखवलं. काकू म्हणाली, "जा." आईला त्याने तिकीट काढल्यावर सांगितलं. तो गेल्यावर अक्का त्रिशलाशी एकच वाक्य बोलल्या, "माझ्या पोराला तू फूस लावलीस." त्यानंतर वर वेगळा ओटा झाला, वेगळा गॅस आला आणि जिन्यातली ये-जा थांबली.

थांबली नाही ती जिन्यातली एक वायर.

मशीन

सम्मेदचं मशीन खाली त्याच्या खोलीत होतं, अर्ध्या फ्रीजएवढं. त्यावर 'गलबत' नावाचा खेळ चालायचा. एक शिडाचं जहाज घ्यायचं आणि बाणकोटपासून वेंगुर्ल्यापर्यंत वाऱ्याच्या लहरीने माल पोचवायचा, एवढाच तो खेळ. पण पाणी असं काढलेलं की सबंध आयुष्य उसाच्या पट्ट्यात काढलेल्या त्रिशलाला पडद्यासमोर बसलं की ओठांवर खारट लागायचं. जाण्याआधी सम्मेदने जिन्यातून वायर नेऊन काकूच्या टीव्हीला जोडून दिली. आईसाठी खालच्या स्वयंपाकघरातही मशीनला जोडलेला एक छोटा पडदा बसवला, त्यावर ती पाककृती बघेल म्हणून.

खेळ खाली चालायचा, दिसायचा वर. टीव्हीवरच्या एका चित्रात तीन कोटींहून जास्त ठिपके आणि सेकंदाला अशी एकशेवीस चित्रं. ती सगळी आवळायची, वायरीतून वर पाठवायची, वर पुन्हा उलगडायची. उलट दिशेने त्रिशलाच्या हातातल्या रिमोटचं बटण खाली पोचवायचं. या जा-येमध्ये सेकंदाचा पंचविसावा हिस्सा जातो. ऐकायला काहीच नाही. पण सुकाणू वळवल्यावर गलबत तेवढ्याने उशिरा वळलं की हाताला कळतं. अंधारात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी होतं.

हा उशीर झाकायला नव्या मशिनांत एक सोय आली होती. मशीन बटणाची वाट बघत बसत नाही. महिनोन्‌महिने ते खेळणाऱ्याचा हात शिकतं. वारा असा असला, खडक तसा दिसला, की हा माणूस काय करतो? त्यावरून ते पुढचं चित्र आधीच काढून ठेवतं. खरं बटण आलं आणि अंदाज जुळला, तर उशीर दिसतच नाही. जुळला नाही, तर मशीन मुकाट्याने एक पाऊल मागे जातं, आपली चूक पुसतं आणि खरं धरून पुन्हा चित्र काढतं, डोळ्याला कळायच्या आत. आणि बटण वाटेतच हरवलं, तर थोडा वेळ नुसत्या अंदाजावर गलबत हाकतं.

सम्मेदने या सोयीचं नाव ठेवलं होतं अंदाज्या. तो म्हणायचा, "काकू, अंदाज्याची एक गोष्ट मला आवडते. चुकला तर त्याला लाज वाटत नाही."

आता या घराची एक रीत. गॅसचं पुस्तक असो, दवाखान्याचा केसपेपर असो, कुठेही एकच नाव आणि एकच मोबाइल नंबर द्यायचा. प्रत्येकाचं वेगळं कशाला? त्यामुळे मशीनने खेळाडूंची नावं विचारली तेव्हा सम्मेदने एकच नाव घातलं.

घर.

साडेपाच वाजता

मगदूमांकडे दिवस मावळायच्या आत जेवतात. त्यांचा धर्म जैन, आणि अंधार पडल्यावर खायचं नाही हे आजही पाळलं जातं. म्हणून साडेपाचला वरच्या घरात आमटी गरम होते. मायक्रोवेव्ह चालू झाला की रिमोटची बटणं टीव्हीपर्यंत पोचेनाशी होतात, कारण दोघांच्या लहरी जवळपास एकाच जातीच्या. त्रिशलाला हे ठाऊक होतं. एरवी ती त्या वेळी गलबत खोल पाण्यात थांबवायची.

त्या सोमवारी तिला भान राहिलं नाही. गलबत जयगडच्या बंदरात शिरत होतं आणि मागे भूपालनी मायक्रोवेव्ह लावला. तिने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. समोर धक्का येत होता. आता आपटणार म्हणून तिने डोळे बारीक केले.

गलबत आपटलं नाही. त्याचं शीड हळूच उतरलं. मग कडेने तळ मोजायची दोरी पाण्यात पडली, एकदा, लगेच दुसऱ्यांदा. थोडा दम घेऊन तिसऱ्यांदा. मग नांगर पडला.

त्रिशला तळ कधी मोजत नसे. सम्मेद म्हणायचा की काकू बंदरात येत नाही, धडकते. अंदाज्या तिचा हात शिकला असेल, तर त्याने धडकायला हवं होतं.

टक्, टक्. मग टक्.

हा ठेका तिने कुठे ऐकला होता ते आधी तिच्या मनगटांना आठवलं. आमटी ढवळून झाली की अक्का पळी पातेल्याच्या कडेवर अशीच आपटायच्या. दोनदा लागोपाठ, मग थांबून एकदा. बावीस वर्षं शेजारी उभं राहून त्या ठेक्यावर त्रिशलाने चपात्या लाटल्या होत्या.

"आमटी झाली गरम," भूपाल म्हणाले. "चला, दिवस बुडायला लागला."

"अक्का आल्या होत्या."

"कुठं?"

"जयगडला."

भूपालनी तिच्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं आणि आपलं ताट वाढून घेतलं.

मंगळवार, फोनवर

"सम्मेद, ते घर म्हणून कोण कोण खेळतं?"

"तूच की."

"आणि?"

"आणि कोण? थांब, बघतो." तिकडे बटणांचा आवाज. "तू दुपारी चार ते साडेपाच. आणि सकाळी अकरा ते बारा. पण सकाळी समुद्रावर नाही, नुसती सरावाच्या बंदरात. रोज बंदरात शिरायचं, तळ मोजायचा, नांगर टाकायचा. आठ महिने झाले. काकू, एवढा सराव करून अजून धडकतेस?"

"अकरा वाजता मी देवळातून आलेली नसते."



"आई मला सांगते, मशीनवर नुसतं फडकं मारते म्हणून," सम्मेद म्हणाला.

"फडकं मारताना बटण लागत असेल."

"आठ महिने?"

दोघंही हसली. मग सम्मेद म्हणाला, "विचारू का तिला?"

"विचारलंस तर उद्यापासनं त्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत."

"हा तुझा अंदाज."

"मला माहीत आहे रे तुझी आई."

"मलापण वाटायचं, मला माहीत आहे म्हणून."

संध्याकाळी जेवताना भूपालनी भाताचा घास थांबवून सांगितलं, "शुक्रवारी नेटवाली मुलगी येणार आहे. दोन मजल्यांना दोन वेगळी कनेक्शनं. जिन्यातली वायर काढून टाकायची आहे."

"कोण म्हणालं?"

"दादा."

"दादा म्हणाले, का अक्का म्हणाल्या?"

"दादा आपल्या मनानं कधी काय म्हणालेत?"

त्रिशलाने ताटावर पाणी सोडलं. गलबत गेलं तर जाऊ दे, वेळ घालवायला दुसरं काही मिळेल. पण वायर गेली की नवं कनेक्शन, दोन मजल्यांची दोन नवी नावं. जुनं 'घर' पुसलं जाणार. त्यात आठ महिने साठलेला अक्कांचा हातही जाणार. तीन वर्षांत या जिन्यातून अक्कांचं काही वर आलं असेल तर तेवढंच होतं.

अंदाज, बुधवार

त्रिशला खाली जाईल आणि म्हणेल, वायर राहू द्या. अक्का विचारतील, कशाला? त्रिशलाला कारण सांगता येणार नाही, कारण खरं कारण सांगितलं तर अक्कांची चोरी पकडल्यासारखं होईल.

प्रत्यक्षात

साडेपाचला तिने वाटीभर पाणी ठेवून स्वतःच मायक्रोवेव्ह लावला आणि दाभोळच्या बंदरात गलबत सोडून दिलं. टक्, टक्. मग टक्.

अंदाज, गुरुवार

अक्का म्हणतील, तुझ्या त्या खेळापायी माझा पोरगा

प्रत्यक्षात

हा अंदाज तिने पुरता होऊच दिला नाही. पुन्हा वाटी ठेवली. वेंगुर्ला.

शुक्रवार

नेटवाली मुलगी म्हणजे फरझाना मुजावर. पंचविशीची, कानावर पेन्सिल, हातात पक्कड. पावणेबाराला ती वर आली.

"काकू, वायर काढायच्या आधी एक विचारायचं होतं. खालच्या मशीनवर 'घर' म्हणून जो हात साठलाय ना, त्यात दोन माणसांचे हात मिसळलेत. मी असं कधी बघितलं नव्हतं. लोक वेगवेगळी नावं ठेवतात."

"आमच्यात नाही ठेवत."

"ते दिसलंच. वेगळे करता येतील. दोघींनी माझ्यासमोर पंधरा पंधरा मिनिटं खेळायचं, मी खूण करून घेते, कुठला हात कुणाचा. नाहीतर सगळं पुसून नव्यानं सुरू. खालच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, वरच्यांना विचार."

"काय म्हणाल्या?"

"वरच्यांना विचार. एवढंच."

त्रिशलाने तीन वर्षांत अक्कांची शेकडो वाक्यं आपल्या मनाने रचली होती. त्यांत हे वाक्य नव्हतं. अक्का म्हणतील 'पुसून टाक', अशी तिची खात्री होती. फरझाना उत्तराची वाट बघत उभी राहिली आणि त्रिशला उठली, पायांत चपलाही न घालता.

चौदावी पायरी. अंदाज: अक्का वळणार नाहीत.

नववी पायरी. अंदाज: अक्का वळतील आणि आत निघून जातील.

तिसरी पायरी. अंदाज:

प्रत्यक्षात

खालच्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह घुमत होता. अक्का स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर रिमोट होता आणि बोटं त्यावर नुसती ठेवलेली, एकही हलत नव्हतं. समोरच्या छोट्या पडद्यावर सरावाचं बंदर होतं, आणि त्यातून गलबत आपलं आपण बाहेर निघालं होतं, डाव्या हाताच्या खडकांना अंग घासत. अक्का त्याच्याकडे मान थोडी तिरकी करून बघत होत्या, नवीन लुगड्याचा काठ बघावा तशा.

मायक्रोवेव्ह थांबला. अक्कांनी वळून पाहिलं. लपवायला आता काही उरलं नव्हतं.

"वाटीभर पाणी ठेवलंय," त्या म्हणाल्या. "रिकामा चालवू नये म्हणतात."

"मीपण वाटीच ठेवते."

"तू कशाला ठेवतेस?"

"तुम्ही कशाला ठेवता?"

अक्कांनी पदराने रिमोट पुसला. त्यावर काही लागलेलं नव्हतं. "मला बंदरात आणता येतं. बाहेर काढता येत नाही. भीती वाटते. हे लावलं की तू काढतेस."

"मी आहे हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? पहिल्यांदा वाटलं, सम्मेद तिकडनं हलवतोय. मग बघितलं तर सगळं डाव्या कडेनं, गटारीत पडतंय का राहतंय असं. म्हटलं, ही स्कूटी चालवायची तीच तऱ्हा. तुझ्या मागं बसून मी सांगलीला किती वेळा गेलेय. जीव मुठीत धरून."

त्रिशलाला हसू आलं आणि ते अर्ध्यात थांबलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. आपण कुठे उभे आहोत ते तिला मग कळलं. ओट्याची ही बाजू तिची होती. पोळपाट अजून तिथेच होता.

"अक्का, मी त्याला जा म्हटलं होतं."

"माहीत आहे."

"आज विचारलं त्यानं, तरी जाच म्हणेन."

हे वाक्य तिच्या कुठल्याच अंदाजात नव्हतं. त्यामुळे त्यापुढे अक्का काय म्हणतील, याचाही तिच्याकडे काही अंदाज नव्हता.

अक्कांनी पडद्याकडे पाहिलं. गलबत आता कोणाच्याही हाताशिवाय उघड्या पाण्यात डुलत होतं.

"जा तर मीपण म्हटलं असतं," अक्का म्हणाल्या. "मला विचारलं कुणी? तुम्ही दोघांनी वर बसून ठरवून टाकलंत. आई रडेल, आई अडवेल, आईला शेवटी सांगू. पत्र आलं त्या दिवशी तू खाली आलीस. माझ्या शेजारी उभी राहून वीस चपात्या लाटल्यास. इथंच. आणि तोंडातनं एक शब्द काढला नाहीस."

"मला वाटलं—"

"काय वाटलं ते मला माहीत आहे. बावीस वर्षांत मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही तुला, तुझं तूच समजून घेतलंस." अक्कांचा आवाज चढला नव्हता. "पोरगा गेला त्याचं नाही गं. जाणारच होता. तू माझ्याबद्दल असं समजून चाललीस, त्याचं."

त्रिशलाकडे बचावाची पुष्कळ वाक्यं तयार होती. तीन वर्षांत घासून घासून गुळगुळीत झालेली. त्यातलं एकही आता चालण्यासारखं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"हं," अक्का म्हणाल्या. त्यांनी रिमोट पुढे केला. "वारा मागनं आला की शीड सोडायचं बटण कुठलं? हे का ते?"

"हे. पण दाबून धरायचं. नुसतं टोचायचं नाही."

"मी टोचत होते."

"माहीत आहे. तुमच्यामुळं माझं गलबत मधेच थांबायला लागलंय."

"आणि तुझ्यामुळं माझं आपटायला."

दारात फरझाना पक्कड घेऊन उभी होती. ती कधी उतरली ते दोघींच्या लक्षात आलं नव्हतं. "काकू, मला पुढं शाहूनगरला जायचंय. हात वेगळे करू, का पुसू?"

"दोन्ही नको," अक्का म्हणाल्या. "आहे तसं राहू दे."

"नाव एकच ठेवायचं?"

"एकच."

"आणि वायर?"

त्रिशलाने उत्तर देऊन टाकलं होतं, मनात. वायर ठेव. अक्काही तेच म्हणणार, याबद्दल आता तिला शंका नव्हती.

"वायर काढ," अक्का म्हणाल्या.

त्रिशलाने अक्कांकडे पाहिलं. अक्का स्टुलावरून उठत होत्या, गुडघ्यावर हात टेकून, तोंडातल्या तोंडात कण्हत.

"वायर कशाला पाहिजे?" त्या फरझानाला म्हणाल्या. "खेळायचं असलं तर खाली येईल की. मशीन तर इथंच आहे."

सम्मेदच्या खोलीत

मशीनच्या स्वतःच्या पडद्यासमोर बसलं की चित्राला कुठे जायचं नसतं. ते आवळायला नको, पाठवायला नको, उलगडायला नको. रिमोटही लहान वायरीने मशीनलाच लावलेला. उशीर जवळजवळ नाहीच, त्यामुळे अंदाज्याला करायला काही काम नव्हतं.

खोलीत खुर्ची एकच होती. अक्कांनी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणलं, खुर्ची स्वतः घेतली आणि त्रिशलाला म्हणाल्या, "सरक थोडी, माझं कोपर लागतंय." गलबत सरावाच्या बंदराच्या तोंडाशी आलं. इथून पुढे त्या आपल्या हाताने कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी सुकाणू धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. त्रिशलाचा हात रिमोटकडे जायला निघाला. तो तिने मांडीखाली दाबून ठेवला.

"नेऊ का?" अक्कांनी विचारलं.

"मला काय विचारता? न्या की."

बाहेर जिन्यात फरझाना वायर ओढून काढत होती. पायऱ्यांवरून ती घसरत खाली येत असल्याचा आवाज येत होता, आणि भिंतीतले खिळे एकेक करून फरशीवर पडत होते. त्रिशलाने मान वळवून दाराकडे पाहिलं.

"समोर बघ," अक्का म्हणाल्या. "खडक येतोय."

"अक्का, रिमोट तुमच्या हातात आहे."

"म्हणून तर सांगते."